आयमॅक्सला दुप्पट पैसे मोजण्याआधी: मूठ, वीत आणि थोडा हिशेब

गेल्या दिवाळीत भाच्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. "मामा, आयमॅक्सला चारच सीट उरल्यात. काढू का?" नकाशात सगळे चौकोन करडे, आणि पडद्याला चिकटलेल्या पहिल्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात, चार हिरवे. प्रत्येकी ६२० रुपये. तोच सिनेमा, तेच मल्टिप्लेक्स, आयमॅक्सनंतर वीस मिनिटांनी सुरू होणारा साध्या हॉलचा शो २६० रुपयांत होता आणि मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्च्या चक्क मोकळ्या होत्या. त्याचा अंगठा पैसे भरायच्या बटणावर गेलेला होता. "आयमॅक्स आहे मामा, बसू की कुठंही!"

मी फोन काढून घेतला. तो तासभर फुगून बसला. त्या तासात त्याला जे समजावत होतो, ते जरा नीट मांडून इथं लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच: आयमॅक्ससारख्या मोठ्या पडद्याचे जादा पैसे वसूल होतात ते तीन गोष्टी जुळल्या तर. सिनेमा त्या पडद्यासाठी बनवलेला हवा, हॉल पाटीवर लिहिल्याप्रमाणे हवा, आणि खुर्ची धड हवी. तिन्हीत खुर्ची सगळ्यात वजनदार, आणि लोक नेमकी तीच शेवटी बघतात.

आधी पाटी वाचा

बुकिंगच्या अ‍ॅपमध्ये सिनेमाच्या नावाखाली हल्ली इतकी नावं लटकलेली असतात की हॉटेलचं मेन्यूकार्ड परवडलं. त्यांची विभागणी मनातल्या मनात करून टाका: जादा पैसे चित्राचे आहेत, आवाजाचे आहेत, की बुडाखालच्या गादीचे?

इन्सिग्निया, लक्स, गोल्ड, व्हीआयपी ही गादीची नावं. खुर्ची पाय पसरते, पांघरूण मिळतं, बटण दाबलं की माणूस सामोसे घेऊन येतो. पडदा मात्र अनेकदा बाजूच्या हॉलपेक्षा लहान असतो, कारण हॉलच लहान. आईवडिलांना घेऊन जायचं असेल, कुणाची कंबर धरलेली असेल, तर हे पैसे मी आनंदानं देतो. फक्त ते मोठ्या पडद्याचे पैसे आहेत अशी समजूत करून घेऊ नका.

फोरडीएक्स आणि एमएक्सफोरडी म्हणजे हलणाऱ्या खुर्च्या. वारा, पाण्याचे फवारे, पाठीत गुद्दे. पोरांना एकदा न्यावं. पाठीचं दुखणं, गरोदरपण, हृदयविकार असेल तर लांबच राहावं. फोरडीएक्सच्या खुर्चीच्या हातावर पाणी बंद करायचं बटण असतं, चष्मा लावणाऱ्यानं ते बसल्या बसल्या दाबून टाकावं. स्क्रीनएक्समध्ये काही प्रसंगांत चित्र बाजूच्या भिंतींवरही पसरतं. गंमत आहे, पण नजर मूळ पडद्यावरून उडते. मला तरी दुसऱ्यांदा जावंसं वाटलं नाही.

आता चित्राची नावं. आयमॅक्स ही कॅनडाची कंपनी, तिची यंत्रणा आणि तिचे नियम. पीएक्सएल, बिगपिक्स, मॅक्रो एक्सई ही मल्टिप्लेक्सवाल्यांची स्वतःची नावं. त्यात काय बसवायचं ते त्यांचं तेच ठरवतात, त्यामुळे एका शहरातला पीएक्सएल झकास आणि दुसऱ्या शहरातला जेमतेम असं होऊ शकतं. 'लेझर' ही तर फक्त प्रकाशाची जात आहे. साध्या हॉलच्या दारावर 'लेझर' लिहिलं म्हणून पडदा वीतभरही वाढत नाही.

'डॉल्बी अ‍ॅटमॉस' आणि 'डॉल्बी सिनेमा' यांत तर जाणतेही गोंधळतात. अ‍ॅटमॉस म्हणजे आवाज: डोक्यावर छतातही स्पीकर असतात आणि हेलिकॉप्टर खरंच डोक्यावरून जातं. डॉल्बी सिनेमा म्हणजे त्या आवाजासोबत दोन लेझर प्रोजेक्टर, गडद रंगवलेला हॉल आणि मापात बसवलेल्या खुर्च्या असं अख्खं पॅकेज. देशातलं पहिलं डॉल्बी सिनेमा जुलै २०२५ मध्ये पुण्यातच, खराडीच्या सिटी प्राइडमध्ये सुरू झालं. अ‍ॅटमॉस मात्र पुण्या-मुंबईतल्या कितीतरी साध्या दराच्या हॉलमध्येही आहे. तुम्हाला चित्रापेक्षा आवाजाची ओढ असेल, तर दुप्पट पैसे भरण्याआधी अ‍ॅपमध्ये तो शब्द शोधा. आणि एक सांगून ठेवतो, आयमॅक्समध्ये अ‍ॅटमॉस नसतं. त्यांची आवाजाची व्यवस्था वेगळी, लेझरच्या हॉलमध्ये ती १२ चॅनेलची, म्हणजे आवाजाच्या बारा वेगळ्या वाटांची असते.

मग सिनेमा बघा, म्हणजे त्याचं माप बघा

इथं थोडं गणित आहे. पळू नका, सातवीचं आहे.

पडद्यावरच्या चित्राची रुंदी भागिले उंची म्हणजे त्याचं माप. आपले बहुतेक मोठे हिंदी सिनेमे २.३९ या लांबोडक्या मापात असतात, ज्याला स्कोप म्हणतात. काही १.८५ मध्ये. आपल्याकडच्या डिजिटल आयमॅक्सचा पडदा १.९० चा. आणि आयमॅक्सचं मूळ माप, फिल्मच्या जमान्यातलं, १.४३. म्हणजे जवळजवळ चौकोनी, उंचच उंच.

समजा पडदा २० मीटर रुंद आहे. स्कोपचं चित्र त्यावर सुमारे साडेआठ मीटर उंच बसेल. १.९० चं चित्र साडेदहा मीटर. १.४३ चं पूर्ण चौदा मीटर. २.३९ ला १.९० नं भागलंत की १.२६ येतात. जाहिरातीत '२६ टक्के जास्त चित्र' म्हणतात ते हेच.

आता खाचखळगा. स्कोपमध्ये बनवलेला सिनेमा आयमॅक्समध्ये लावला की ते २६ टक्के कुठून येणार? येतच नाहीत. वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी, आणि मधे तेच लांबोडकं चित्र. पडदा रुंद असल्यामुळे चित्र साध्या हॉलपेक्षा मोठं दिसतं हे खरं, पण वरचं-खालचं जादा चित्र मिळत नाही. पडद्याचा पाचवा हिस्सा काळा बघायचे पैसे देताय.

म्हणून तिकीट काढण्याआधी पाच मिनिटं घालवा. सिनेमाच्या अधिकृत जाहिरातीत 'आयमॅक्स कॅमेऱ्यानं चित्रित' किंवा 'आयमॅक्ससाठी चित्रित' असं लिहिलंय, की नुसतंच 'आयमॅक्समध्ये पहा'? पहिल्या दोन्हींत निदान काही प्रसंग तरी उंच चित्राचे असतात. तिसऱ्याचा अर्थ बहुधा एवढाच, की तयार सिनेमावर आयमॅक्सनं आपल्या पद्धतीनं संस्कार करून तो त्यांच्या पडद्याजोगा केला. तसं ते २००२ पासून करताहेत आणि वाईटही करत नाहीत. पण त्यानं २६ टक्के मिळत नाहीत.

मिळतात तेव्हाही किती वेळ मिळतात ते बघा. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये आयमॅक्स कॅमेऱ्यानं टिपलेला भाग अर्ध्या तासाच्या आतच होता. २०२४ चा 'ड्यून'चा दुसरा भाग मात्र आयमॅक्समध्ये आरंभापासून शेवटपर्यंत उंच चित्रातच दिसला. दोन्हींचं तिकीट सारख्याच दराचं वाटणं यात काही अर्थ आहे का? मी तर त्याचा दरच काढतो. जादा ३०० रुपये आणि ३० मिनिटांचं उंच चित्र, म्हणजे मिनिटाला १० रुपये. जादा ३०० आणि अडीच तास, म्हणजे मिनिटाला २ रुपये. बायको हसते, पण निर्णय दोन मिनिटांत होतो.

आपल्याकडे आयमॅक्समध्ये लागलेला पहिला भारतीय सिनेमा 'धूम ३', डिसेंबर २०१३ चा. त्यानंतर मोठा हिंदी-तेलुगू सिनेमा आला की आयमॅक्सचं पोस्टर आलंच. त्यातल्या बहुतेकांचं माप स्कोपच असतं. तिथं मी साध्या हॉलमधलं अ‍ॅटमॉस बघतो आणि उरलेल्या पैशांत बाहेर मिसळ खातो. मराठी सिनेमाच्या बाबतीत हा प्रश्नच सहसा उद्भवत नाही. त्याला संध्याकाळचा बरा शो मिळाला तरी पेढे वाटायची वेळ असते.

मूळ मापाचा मोह असेल तर तेही सांगून टाकतो. २०२३ मध्ये 'ओपनहायमर' जगभरात ३० ठिकाणी ७० मिलिमीटरच्या आयमॅक्स फिल्मवर दाखवला गेला, त्यात भारतातलं एकही ठिकाण नव्हतं. मुंबईत वडाळ्याला २००१ मध्ये आयमॅक्सचा घुमट आला तेव्हा तिथं अशी आडवी धावणारी जाडजूड फिल्म होती. हैदराबादच्या प्रसाद्समध्येही होती. ते दिवस गेले. लेक किंवा जावई लंडनला असेल आणि तुमचा तिकडे फेरा होणार असेल, तर वॉटर्लू स्टेशनजवळच्या बीएफआय आयमॅक्सचं तिकीट आधीपासून काढून ठेवा. पडदा २६ मीटर रुंद आणि २० मीटर उंच आहे. मेलबर्नच्या संग्रहालयाशेजारचं आयमॅक्स आणि न्यूयॉर्कचं लिंकन स्क्वेअर यांनाही तोच नियम. तिथं किंमत बघत बसू नका.

हॉल खरा की नावाचा

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार या धंद्यात भरपूर आहे. जुन्या डिजिटल आयमॅक्समध्ये झेनॉन दिव्याचे दोन प्रोजेक्टर असतात, २के दर्जाचे. नव्यात लेझर, ४के. (हा के म्हणजे चित्रात किती बारीक ठिपके मावतात त्याचं माप, जास्त तेवढं चांगलं.) दिवा वापरून जुना होतो आणि चित्र मंदावत जातं. लेझरचा उजेडही घटतो, पण खूप सावकाश. तिकीटदर मात्र दोन्हींचे तोडीस तोड असतात. म्हणून अ‍ॅपमध्ये 'आयमॅक्स विथ लेझर' लिहिलंय का ते बघा. नुसतं 'आयमॅक्स' असेल तर खिडकीवर विचारा. "लेझर आहे का झेनॉन?" असं विचारलं की काउंटरवरचं पोरगं एकदा वर बघतं आणि आत जाऊन कुणाला तरी विचारून येतं. विचारायला पैसे पडत नाहीत.

थ्रीडीला तर हे फारच लागू आहे. थ्रीडीत उजेड दोन डोळ्यांत वाटला जातो, वर प्रोजेक्टरपुढची काच आणि तुमचा चष्मा आणखी खातात. साध्या टूडी चित्राला १४ फूट-लॅम्बर्ट (हे पडद्यावरच्या उजेडाचं माप) उजेड असावा असा दंडक आहे. अनेक थ्रीडी हॉलमध्ये डोळ्यापर्यंत त्याचा तिसरा हिस्सा पोचला तरी नशीब. डॉल्बी सिनेमात टूडीला ३१ आणि थ्रीडीलाही १४ ठेवतात, म्हणजे त्यांचं थ्रीडी इतरांच्या टूडीइतकं उजळ. माझा साधा नियम असा: थ्रीडी बघायचं तर लेझरवरच, नाहीतर टूडी. अंधारातली लढाई झेनॉनच्या थ्रीडीत बघितली आहे. कोण मेलं ते घरी येऊन वाचावं लागलं.

पडद्याचा खरा आकार कोणी सांगत नाही, म्हणून तो एकदा स्वतः मोजून ठेवायचा. कसा, ते खुर्चीच्या भागात येतंय.

खुर्ची: मूठ आणि वीत

माझे वडील साताऱ्याला सिनेमा बघायचे ते कायम बाल्कनीतून. स्टॉलमध्ये बसणं म्हणजे त्यांच्या लेखी पायरी उतरणं. मागे बसणारा तो पैसेवाला, पुढे बसणारा तो शिट्टी मारणारा. ती सवय आपल्या हाडात इतकी मुरलीय की मल्टिप्लेक्समध्येही शेवटची रांग सगळ्यात आधी भरते, आणि मल्टिप्लेक्सवाल्यांनीही तीच सगळ्यात महाग करून ठेवलीय. मोठ्या पडद्याचे दुप्पट पैसे द्यायचे आणि मग शेवटच्या रांगेत जाऊन तो पडदा पुन्हा लहान करायचा. यासारखी उधळपट्टी नाही.

पडदा किती मोठा दिसतो हे त्याच्या रुंदीवर आणि तुमच्या अंतरावर मिळून ठरतं. पडद्याच्या रुंदीच्या दुप्पट अंतरावर बसलात तर तो नजरेचे २८ अंश व्यापतो. दीडपट अंतरावर ३७. रुंदीइतक्याच अंतरावर ५३. म्हणजे १२ मीटर रुंदीच्या साध्या पडद्यापासून १२ मीटरवर बसलेल्या माणसाला, २० मीटरच्या आयमॅक्सपासून २५ मीटरवर बसलेल्या माणसापेक्षा चित्र मोठं दिसतं! पहिल्याला ५३ अंश, दुसऱ्याला सुमारे ४४. पहिल्यानं दिले २६०, दुसऱ्यानं ६२०.

हॉलमध्ये टेप घेऊन कोण जाणार. आकाशातले तारे मोजणारे लोक वापरतात ती युक्ती वापरा. हात सरळ ताणून मूठ वळा: मुठीची रुंदी साधारण १० अंश. हात तसाच ताणून वीत पसरा: अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २०. मोठ्या माणसाचा हात लांब आणि पंजाही मोठा, लहानाचे दोन्ही लहान, त्यामुळे हिशेब सगळ्यांना जवळपास सारखाच लागतो.

जाहिराती चालू असताना एका डोळ्यानं पडदा विती लावून मोजायचा. डावीकडून उजवीकडे दीड वीत किंवा कमी भरला, तर तुम्ही फार मागे आहात. त्या अंतरावर मोठ्या पडद्याचा काही उपयोग नाही. दोन ते अडीच विती म्हणजे साध्या सिनेमाला उत्तम. आयमॅक्ससाठी बनवलेल्या सिनेमाला अडीच ते तीन. साडेतीनच्या वर गेलात की टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान हलते. उंचीही बघा: डोळ्याच्या रेषेपासून पडद्याची वरची कड पावणेदोन वितींपेक्षा वर असेल तर इंटरव्हलपर्यंत मान आखडणार. शेजारचा बघेल, बघू दे. मी एकदा विती मोजत असताना मागच्या काकूंनी "जागा विकत घेताय का?" असं विचारलं होतं.

मोजलेलं फोनमध्ये टिपून ठेवा. 'अमुक मॉल, ऑडी ४, एफ रांग, अडीच वीत' एवढी एक ओळ. पुढच्या वेळी त्या हॉलचं तिकीट काढताना जगातलं कुठलंही परीक्षण वाचायची गरज पडत नाही. माझ्याकडे पुण्यातल्या आणि ठाण्यातल्या मिळून अकरा हॉलच्या ओळी आहेत.

पहिल्यांदाच जाताय आणि ओळ नाही, तेव्हा? हॉलच्या खोलीच्या तीन भागांतला मधला भाग संपतो तिथली रांग धरा, त्यातल्या मधल्या चार-सहा खुर्च्या. सिनेमाचा आवाज जिथं बसून जुळवतात, ती जागाही साधारण तशीच असते. आवाजासाठी मधोमध बसणं रांगेइतकंच महत्त्वाचं आहे. भिंतीला लागून बसलात की त्या भिंतीवरचा एकच स्पीकर तीन तास कानात बोलत राहतो, आणि शेवटच्या रांगेत मागचे. आयमॅक्समध्ये हॉल उभा आणि आखूड असल्यामुळे मधली रांगसुद्धा पडद्याच्या बरीच जवळ असते. तिथं मधल्या भागाच्या थोडं मागे सरकलेलं चालतं.

नकाशाची एक मेख आहे. काही हॉलमध्ये ए रांग पडद्याजवळची असते, काही हॉलमध्ये ए म्हणजे सगळ्यात मागची. नकाशात पडदा बहुधा खाली काढलेला असतो, पण घाईत ते कोण बघतं. आमच्या शेजाऱ्यांनी "ए रांग मिळाली, मागची!" म्हणून पार्टी दिली आणि दुसऱ्या दिवशी कॉलर लावल्यासारखे मान धरून फिरत होते. शिवाय नकाशात सगळ्या रांगांतलं अंतर सारखं दिसतं. प्रत्यक्षात मधे आडवा रस्ता असतो आणि रिक्लायनरच्या, म्हणजे पाय पसरणाऱ्या खुर्च्यांच्या, रांगा साध्या रांगांपेक्षा कितीतरी जास्त जागा खातात. त्यामुळे शेवटची रिक्लायनर रांग नकाशात दिसते त्याहून बरीच लांब असते.

पैशाचा हिशेब

दर शहरानुसार, दिवसानुसार, अगदी तासानुसार बदलतात, म्हणून खालचे आकडे माझ्या त्या दिवाळीच्या दिवसाचेच धरतो. तुम्ही तुमचे घाला.

फरक ३६० रुपयांचा. चौघांचे १,४४०. त्यातले सुमारे २२० रुपये नुसते जीएसटीचे, कारण १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्या भावात आयमॅक्स तर सोडाच, शनिवारची साधी खुर्चीही शहरात क्वचित मिळते. वर ऑनलाइन काढलेल्या प्रत्येक तिकिटामागे कन्व्हिनियन्स फी. महाराष्ट्रात सरकारनं २०१३ आणि २०१४ मध्ये या फीविरुद्ध आदेश काढले होते. मुंबई उच्च न्यायालयानं ते जुलै २०२५ मध्ये रद्द केले, तेव्हा ती आता राहणार. ती टाळायचा राजमार्ग म्हणजे खिडकी. मॉल रोजच्या वाटेवर असेल तर आदल्या संध्याकाळी उतरून तिकीट काढा. चौघांची फी वाचली की एका पॉपकॉर्नची नाही, पण पार्किंगची सोय होते.

स्वस्ताईच्या योजनांवर भिस्त ठेवू नका. राष्ट्रीय सिनेमा दिवसाला २०२२ मध्ये ७५ रुपयांत आणि पुढच्या दोन वर्षी ९९ रुपयांत तिकिटं मिळाली, पण आयमॅक्स, फोरडीएक्स आणि रिक्लायनर बहुधा त्यातून वगळलेले होते. मंगळवारच्या सवलतींचंही बहुधा तसंच असतं. मोठ्या पडद्याचा दर खरा उतरतो तो सोमवार ते गुरुवार, सकाळच्या शोला. एक दिवस अर्धी रजा टाकलीत तर खुर्चीही मनासारखी मिळते आणि शेजारी फोनवर बोलणारा माणूसही नसतो.

पण फार थांबताही येत नाही. एका मल्टिप्लेक्समध्ये आयमॅक्सचा पडदा एकच असतो आणि पुढचा मोठा सिनेमा आला की आधीचा त्यावरून उतरतो, तो शेजारच्या हॉलमध्ये कितीही गर्दी खेचत असला तरी. म्हणून तारखा बघताना या शुक्रवारचा सिनेमा बघू नका, पुढच्या शुक्रवारी काय येतंय ते बघा. काही मोठं येत नसेल तर पहिले तीन दिवस गर्दीला सोडून द्या आणि मंगळवारी जा. येत असेल तर तुमच्याकडे सोमवार ते गुरुवार एवढेच दिवस आहेत.

आणि हवी ती खुर्ची नसेल तर? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. उत्तर एकच: पहिल्या तीन रांगा किंवा टोकाच्या खुर्च्या उरल्या असतील तर मोठ्या पडद्याचं तिकीट काढू नका. साध्या हॉलच्या मधोमध बसा. सुरी सोन्याची असली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही.

लहान मुलं सोबत असतील तर एक वेगळी बेरीज करा. सहा वर्षांच्या पोराला पडदा किती अंशाचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला आवाजाची भीती वाटते. आयमॅक्समध्ये आवाज अंगावर येतो, छातीत वाजतो. दहाव्या मिनिटाला ते "घरी जाऊ" म्हणालं की तुमचे पैसे तिथंच संपले. नेणारच असाल तर कानात घालायला कापूस खिशात असू द्या आणि खुर्च्या रांगेच्या टोकाच्या घ्या.

आत गेल्यावर

तिकीट काढलं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. पैसे जादा घेतलेत तर माल नीट आहे का ते पहिल्या दहा मिनिटांत बघायचं.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या पडद्यावर, नाव सांगत नाही, टूडी सिनेमा लागला होता आणि चित्र संध्याकाळी दिवे जाण्याआधीच्या घरासारखं मळकट. मला वाटलं माझाच चष्मा. पुसला. शेजारच्या बाईंनीही पुसला. जाहिराती संपून सिनेमा लागला तरी तेच, तेव्हा बाहेर जाऊन मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, "सर, पिक्चरच डार्क आहे." मी म्हटलं, "पाटी पण डार्क आहे का? सेन्सॉरचं पांढरं सर्टिफिकेट खाकी दिसत होतं." तो आत गेला. दहा मिनिटांनी पडदा लखकन उजळला आणि हॉलभर 'हां!' असा आवाज झाला. आधीच्या शोच्या थ्रीडीची काच प्रोजेक्टरपुढं तशीच राहिली होती. दोनशे माणसांत उठणारा मी एकटाच निघालो, आणि पहिली पंचवीस मिनिटं गेली ती गेलीच.

तेव्हापासून सेन्सॉरचं सर्टिफिकेट ही माझी चाचणी आहे. पांढरं पांढरंच दिसलं पाहिजे. त्यावरची बारीक अक्षरं चारही कोपऱ्यांत धारदार हवीत. एखाद्या कोपऱ्यात ती पसरली असतील तर फोकस गेलाय. मग कडा बघा: चित्र पडद्याच्या बाहेर भिंतीवर सांडतंय का, की दोन्ही बाजूंना फुकट जागा सुटलीय? पायऱ्यांवरचे दिवे अर्धवट चालू राहिलेत का? छतातले स्पीकर बोलताहेत का, हे पावसाच्या किंवा गर्दीच्या पहिल्या प्रसंगात कळतं. सगळा आवाज समोरूनच येत असेल तर काहीतरी बंद आहे.

खोट दिसली की लगेच उठा. टॉर्चवाल्याला सांगून बहुधा काही होत नाही, ड्यूटी मॅनेजर मागा. "मजा येत नाहीये" म्हणू नका. "ऑडी दोनमध्ये उजवीकडचा खालचा कोपरा आउट आहे" असं सांगा, म्हणजे त्याला प्रोजेक्शनवाल्याला नेमकं काय सांगायचं ते कळतं. इंटरव्हलपर्यंत सुधारलं नाही तर तिकिटाचा फोटो काढून तिथंच दुसऱ्या शोची तिकिटं किंवा पैसे परत मागा. सिनेमा पूर्ण बघून झाल्यावर मागितले तर कोणी देत नाही, आणि खरं सांगायचं तर देऊही नयेत.

भाच्याचं काय झालं, ते राहिलंच. २६० च्या हॉलमध्ये 'जी' रांगेत आम्ही चौघं मधोमध बसलो. दिवे गेल्यावर त्यानं हळूच हात ताणला, एक वीत, दोन विती, वर एक मूठ, आणि कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.